उशाशीं बसलेलीं माणसें

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. जन्म, विद्याभ्यास, कर्तबगारी, अखेरचें दुखणें आणि मृत्यु, असा तो क्रम असतो. शेवटीं एखाद्या समारोपांत गुणांची मोजदाद होते आणि ग्रंथ मिटतो. परंतु ज्या खोलींत तो अखेरचा श्वास घेतला गेला, त्या खोलींत दुसरेंहि एक माणूस असतें. तें कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें, त्या उशाशीं बसलेलें असतें. औषधांच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. रोग्याच्या श्वासांत किंचित् फरक पडला तरी त्याला गाढ झोपेंतून जाग येते. मृत्यूनंतरच्या एखाद्या सकाळीं हें माणूस नेहमींच्या वेळेस जागें होतें, आणि आज आपल्याला कांहींच करावयाचें नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येतें. त्या सकाळपासून पुढची हकीकत सांगण्याचें काम इतिहासकारांनीं फारसें केलेलें नाहीं.

वास्तविक ही हकीकत प्रत्येक कुटुंबांत कधीं ना कधीं घडतेच. गेलेल्या माणसाविषयींचें दुःख कसें भोगावें, यासंबंधानें आपल्या समाजानें कांहीं व्यवस्था लावून दिली आहे. सुतकाचे दहा दिवस आहेत, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. समाचारास येणारीं माणसेंहि गेलेल्याविषयीं चार शब्द बोलून जातात. पण शुश्रूषा करणाऱ्याच्या वांट्यास दुःखाबरोबर आणखी दोन गोष्टी येतात, आणि त्यांची वाच्यता कोणी करीत नाहीं. पहिली म्हणजे हातांचें रिकामपण. दुसरी, सुटका झाल्यासारखें वाटणें व तसें वाटल्याबद्दलची लाज. कारकून निवृत्त होतो तेव्हां त्याला आधीं दिवस कळलेला असतो, निरोपाचा समारंभ होतो, पुढें पेन्शन चालू होते. उशाशीं बसलेल्या माणसाचें काम मात्र एका क्षणांत संपतें. त्याबद्दल ना निरोप ना निवृत्तिवेतन. शिवाय त्यानें इतकीं वर्षें जें केलें तें ‘काम’ होतें, हेंच मुळीं कोणाच्या गांवीं नसतें.

अशा माणसांनीं पुढें काय केलें, हें पाहण्यासाठीं इतिहासांतील दोन स्त्रियांचीं चरित्रें शेजारीं शेजारीं ठेवावीं असें मला बरेच दिवस वाटत आलें आहे. दोघींचा जन्म एकाच सालीं, म्हणजे १८६२ मध्यें झाला. एक सातारा जिल्ह्यांतील तेव्हांच्या देवराष्ट्रें गांवीं जन्मली, दुसरी लंडन शहरांत. एकमेकींशीं त्यांचा कांहींएक संबंध आला नाहीं. दोघींच्याहि आयुष्याचे शुश्रूषेनें दोन भाग केले. आणि दुसऱ्या भागाची उभारणी दोघींनीं इतक्या निराळ्या रीतीनें केली, कीं त्या दोन रीतींची तुलना आजच्या घरांतूनहि उपयोगी पडावी.

प्रथम लंडनची गोष्ट घेऊं. मिस् मेरी किंग्स्ले यांचे वडील जॉर्ज किंग्स्ले हे डॉक्टर होते, आणि प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स किंग्स्ले यांचे बंधु. श्रीमंत सरदारांचे खाजगी वैद्य म्हणून ते त्यांच्याबरोबर पृथ्वीच्या पाठीवर हिंडत असत. महिनेच्या महिने घर त्यांना दिसत नसे. घरीं आई आजारी, धाकटा भाऊ लहान. तेव्हां घर चालविण्याचें व आईची सेवा करण्याचें काम मेरीकडे आलें. मुलीला शाळेंत घालण्याचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. भावाच्या शिक्षणावर दोन हजार पौंड खर्च झाले आणि आपल्या वांट्यास फक्त जर्मन भाषेचे धडे आले, असें पुढें त्यांनीं स्वतःच थट्टेच्या सुरांत नमूद केलें आहे. हे धडेहि अशासाठीं, कीं वडिलांना त्यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासांत टिपणें काढून द्यावयास कोणी तरी हवें होतें. बाकीचें ज्ञान त्यांनीं वडिलांच्या ग्रंथसंग्रहांतून आपल्या आपण मिळविलें.

१८८६ सालीं हें कुटुंब केंब्रिजला राहावयास आलें. पुढें आईचें दुखणें इतकें वाढलें, कीं रात्रंदिवस कोणी तरी जवळ असावें लागे. १८९२ च्या फेब्रुवारींत वडील वारले आणि त्याच वर्षीं एप्रिलमध्यें आईहि गेली. मिस् किंग्स्ले यांचें वय त्या वेळीं एकोणतीस वर्षांचें होतें. ज्या दोन माणसांभोंवतीं त्यांचा सारा दिवस फिरत असे, तीं दोन्ही थोड्या आठवड्यांच्या अंतरानें नाहींशीं झालीं.

यानंतर त्यांनीं जें केलें तें इंग्लंडांतल्या लोकांना वेडेपणाचें वाटलें. त्याच वर्षीं त्या कॅनरी बेटांना जाऊन आल्या, आणि १८९३ च्या ऑगस्टमध्यें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे एकट्या निघाल्या. युरोपियन लोकांच्या मृत्यूबद्दल हा किनारा त्या काळीं कुप्रसिद्ध होता. दुसऱ्या सफरींत, म्हणजे १८९४ च्या अखेरीपासून १८९५ च्या अखेरीपर्यंत, त्या ओगोवे नदीच्या खोऱ्यांतून हिंडल्या आणि कॅमेरून पर्वताच्या शिखरावर चढून गेल्या. कापड, तंबाखू व गळ यांचा विनिमय करीत त्या व्यापारी म्हणून प्रवास करीत. ब्रिटिश म्युझियमसाठीं नद्यांतील मासे जमवीत. त्यांतील तीन जाती शास्त्राला नवीन ठरल्या व त्यांना त्यांचें नांव मिळालें. १८९७ सालीं त्यांचा पश्चिम आफ्रिकेच्या प्रवासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें.

हें सारें वाचून कोणासहि वाटेल, कीं पिंजऱ्याचें दार उघडलें आणि पांखरूं उडालें. प्रत्यक्षांत एवढें सरळ घडलें नाहीं. आपल्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत मिस् किंग्स्ले यांनीं त्या पहिल्या सफरीचें खरें कारण सांगितलें आहे. आईबाप गेल्यावर आपण अगदीं थकून गेलों होतों, आतां आपली कोणासहि गरज उरली नाहीं असें वाटत होतें, आणि मरण्यासाठींच आपण त्या किनाऱ्यावर गेलों, असा त्या पत्राचा आशय आहे. लोकांना मात्र त्या सांगत, कीं वडिलांचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं आपण जात आहों. या दोन्ही कारणांत विरोध आहे असें मला वाटत नाहीं. ज्यानें पंधरा वर्षें दुसऱ्याच्या गरजेवर दिवस काढले, त्याला स्वतःसाठीं जगावयाचें म्हणजे काय करावयाचें, हें एकाएकीं उमगत नाहीं. मृताचें उरलेलें काम हाच त्याला जगण्याचा अधिकारपत्रासारखा आधार वाटतो.

दुसरी गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हीं दोन सफरींचीं वर्षें त्यांना भावाच्या सवडीनें मिळालीं. भाऊ इंग्लंडांत असला म्हणजे बहिणीनें त्याचें घर संभाळावयाचें, आणि तो परदेशीं गेला कीं आपण निघावयाचें, असा त्यांचा नियम होता. कीर्तिशिखरावर असतांनाहि हा नियम त्यांनीं मोडला नाहीं. आईबापांनीं मागें ठेवलेला पैसा नसता तर तेवढेंहि झालें नसतें. तेव्हां त्यांच्या धैर्याचें कौतुक करतांना, त्या धैर्यास पैशाची व सवडीची जोड होती, हें सांगणें न्यायाचें होईल.

१९०० सालच्या मार्चमध्यें त्या दक्षिण आफ्रिकेंत पोंचल्या. बोअर युद्ध चालू होतें. त्यांनीं शुश्रूषेचें काम मागितलें आणि सायमन्स टाउन येथें बोअर कैद्यांच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली. तेथें विषमज्वराचें थैमान चाललें होतें. आजाऱ्यांच्या उशाशीं त्या पुन्हां येऊन बसल्या, जणूं मधलीं आठ वर्षें गेलींच नव्हतीं. अवघ्या दोनतीन महिन्यांत तोच ज्वर त्यांना जडला, आणि ३ जून १९०० रोजीं वयाच्या सदतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. अखेरच्या घटकेस आपल्याजवळ कोणी बसूं नये, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें समुद्रांत दफन करण्यांत आलें. जिनें जन्मभर दुसऱ्यांचीं दुखणीं काढलीं, तिला स्वतःची शुश्रूषा दुसऱ्याकडून करून घेणें साधलें नाहीं. मला तर त्या सबंध चरित्रांत याहून हृदयद्रावक गोष्ट दिसत नाहीं.

त्यानंतर साडेसात महिन्यांनीं, १६ जानेवारी १९०१ रोजीं, मुंबईस न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे वारले. रमाबाईंच्या वयाला एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यास नऊ दिवस उरले होते. त्यांचा विवाह १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं झाला होता. पतीनें त्यांना लिहावयास, वाचावयास शिकविलें, पुढें इंग्रजीहि शिकविलें, आणि त्यापायीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं सोसला, ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहे. तिची दुसरी बाजू तितकी बोलली जात नाहीं. माधवरावांचे डोळे अधू होते. वर्तमानपत्रें व ग्रंथ त्यांना वाचून दाखविणें, त्यांचें खाणेंपिणें, झोंप, औषध यांवर लक्ष ठेवणें, हें रमाबाईंच्या दिनचर्येचें अंगच होऊन बसलें होतें. १९०० च्या डिसेंबरांत लाहोरास सामाजिक परिषद भरावयाची होती. तिला जाण्याचा माधवरावांचा बेत हृदयाच्या विकारामुळें रहित करावा लागला, आणि त्यांचें भाषण गोपाळराव गोखले यांनीं तेथें वाचून दाखविलें. पुढच्या महिन्यांत सर्व संपलें.

रमाबाई मुंबई सोडून पुण्यास आल्या आणि त्या वेळच्या रे मार्केटाजवळील, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईजवळील, आपल्या जुन्या घरांत राहूं लागल्या. सुमारें एक वर्ष त्या जवळ जवळ एकांतांतच होत्या. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेच्या भोंवतीं रूढीनें जी भिंत उभी केली होती, ती पाहतां हा एकांत जन्मभर टिकला असता तरी कोणास नवल वाटलें नसतें. उलट पुष्कळांनीं त्याची तारीफच केली असती. रमाबाईंनीं पतीचीं धर्मपर व्याख्यानें संकलित करून प्रसिद्ध केलीं. मिस् किंग्स्ले यांनीं जसे वडिलांचे कागद हातीं घेतले, तसेंच हेंहि. त्यांनीं वडिलांचीं टिपणें संपादून १९०० सालीं छापविलीं. शुश्रूषा करणारा हात रिकामा होतो तेव्हां प्रथम मृताच्या कागदांकडे वळतो, असें दोन्ही ठिकाणीं दिसतें. फुलपात्र्याच्या जागीं लेखणी येते, एवढेंच.

येथून पुढें मात्र वाटा फुटतात. १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेंत रमाबाई अध्यक्षस्थानीं बसल्या. येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांना भेटावयास त्या नेमानें जात, त्यांच्याशीं बोलत बसत. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईंत सेवासदन काढलें. त्याचें अध्यक्षपद त्यांनीं रमाबाईंकडे दिलें. पुढच्याच वर्षीं, १९०९ मध्यें, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहाय्यानें पुण्याचें सेवासदन सुरू झालें, आणि त्याचे पहिले वर्ग रमाबाईंच्या घरांत भरले. ज्या वास्तूंत त्या शोक करावयास आल्या होत्या, तींतच आतां बायकामुली पाट्या घेऊन येऊं लागल्या.

या संस्थेनें पुष्कळ कामें केलीं; पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें एकच महत्त्वाचें आहे. सेवासदनानें स्त्रियांना, त्यांत विधवांनाहि, परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पुढें आणलें. ससून रुग्णालयांत शिकणाऱ्या मुलींसाठीं वसतिगृह चालविलें. भल्या घरच्या बाईनें परक्या रोग्याच्या अंगास हात लावावा, ही कल्पनाच तेव्हां पुण्यास असह्य होती. निंदा झाली, टवाळी झाली. परंतु त्या निंदेंतील विसंगति पाहण्यासारखी आहे. तीच बाई घरांत सासऱ्याचें, दिराचें, नवऱ्याचें दुखणें काढीत होती. तें कोणास वावगें वाटत नव्हतें. वावगें वाटलें तें याचें, कीं त्याच कामाला आतां शिक्षण, प्रमाणपत्र व वेतन मिळणार होतें. घरांतील विधवा घरांतच दुसऱ्यांच्या उशाशीं झिजून गेली असती तर तिला कोणी नांव ठेवलें नसतें. तिला स्वतःच्या पायांवर उभें करणारी रमाबाईंची कृति म्हणूनच बंडखोरीची होती, जरी तिचें बाह्य स्वरूप अगदीं सौम्य होतें.

रमाबाईंनीं आपला व्यक्तिगत अनुभव असा पालटून घेतला. एका माणसाच्या उशाशीं जें शिकल्या तें त्यांनीं आपल्यापाशींच ठेविलें नाहीं; तें शिकवितां येईल अशी व्यवस्था केली. पतीच्या जागीं दुसरा रोगी शोधला असता तर त्यांचें आयुष्यहि कदाचित् सायमन्स टाउनच्या वाटेनें गेलें असतें. त्यांनीं सोबती मिळविले, संस्था उभी केली, आणि आपल्यावांचून काम चालेल अशी तजवीज लावली. पुढें पुण्यांत मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीं व मुंबई इलाख्यांत स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झालेल्या चळवळींतहि त्या पुढें होत्या. याउलट मिस् किंग्स्ले मताधिकाराच्या चळवळीपासून दूर राहिल्या. घरांत जें सोसलें त्याचा उच्चार हक्काच्या भाषेंत करणें त्यांना रुचलें नाहीं. विनोदाच्या भाषेंत केला, आणि तो अप्रतिम केला. त्यांच्या बुद्धीची झेप मोठी होती, यांत शंका नाहीं. पण गरज लागली कीं एकटीनें धांवून जावयाचें, हा बालपणीचा संस्कार त्यांना अखेरपर्यंत सोडून गेला नाहीं.

१९१० सालीं रमाबाईंचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक गोखल्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत त्याचें स्थान मोठें आहे. तें पुस्तक पतीच्या मृत्यूपाशीं संपतें. लिहितांना लेखिकेच्या आयुष्याचीं पुढचीं नऊ वर्षें उलटून गेलीं होतीं, सेवासदन चालूं लागलें होतें. पण त्याविषयीं तींत आठवण म्हणून कांहीं नाहीं. चरित्रकारांची जी रीत मीं आरंभीं सांगितली, ती खुद्द त्या उशाशीं बसलेल्या बाईनेंहि पाळली. आपल्या आयुष्याचा सांगण्याजोगा भाग पतीबरोबर संपला, असें त्यांना मनापासून वाटत असावें. १९२४ सालीं त्या वारल्या. म्हणजे तेवीस वर्षांचें सांगण्याजोगें आयुष्य त्यांनीं न सांगतां जगून दाखविलें. पुण्याचें सेवासदन त्यांच्या पश्चात् टिकलें आणि वाढलें.

या दोन चरित्रांवरून नियम काढणें धाडसाचें होईल, हें मी जाणतों. दोघींनाहि अन्नवस्त्राची विवंचना नव्हती. रमाबाईंच्या मागें मोठें नांव व मोठा मित्रवर्ग होता. ज्या हजारों बायका शुश्रूषा संपतांच भावाच्या किंवा पुतण्याच्या घरीं स्वयंपाकाला लागल्या, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. तरीहि एक गोष्ट मला निश्चित वाटते. अशा माणसास आपण जो पहिला उपदेश करतों, ‘आतां जरा विश्रांति घ्या, मन रमवा,’ तो अपुरा आहे. विश्रांति हवीच, रमाबाईंनीं ती वर्षभर घेतली, आणि त्या वर्षांत त्यांना कोणी ओढून बाहेर काढलें नाहीं, हें बरेंच झालें. पण त्या विश्रांतीनंतर त्यांच्याकडे जीं माणसें आलीं, तीं सांत्वन करावयास आलीं नव्हतीं. मलबारी, गिडुमल, देवधर हे काम घेऊन आले. तुम्हांला जें येतें तें आम्हांला हवें आहे, असा त्यांच्या येण्याचा अर्थ होता. मिस् किंग्स्ले यांच्या दाराशीं १८९२ सालीं असें कोणी गेलें नाहीं.

आज घरें लहान झालीं आहेत, माणसांचीं आयुष्यें लांबलीं आहेत, आणि म्हाताऱ्या आईबापांसाठीं आपली नोकरी सोडून घरीं राहणारी मुलगी, सून, आणि क्वचित् मुलगाहि, आपल्या ओळखींत असतोच. तें दुखणें पांच वर्षें चालतें, दहा वर्षें चालतें. तें संपल्यावर नोकरीचा अर्ज भरतांना ‘मधलीं वर्षें आपण काय करीत होतां?’ असा प्रश्न येतो, आणि ‘कांहीं नाहीं, घरींच होतें,’ असें उत्तर दिलें जातें. तें उत्तर खोटें आहे. औषधांचें वेळापत्रक, डॉक्टरांशीं बोलणी, पैशाची ओढाताण, रात्रीचें जागरण, चिडलेल्या रोग्याची समजूत, या सर्वांना कांहीं विद्या लागते. ती मेहनतीनें आलेली असते. तिला विद्या म्हणून ओळखणें हें समाचारास जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं आहे. तेराव्याला आपण गेलेल्या माणसाचे गुण आठवतों. त्याच घरांत, थोड्या दिवसांनीं, मागें राहिलेल्या माणसाकडे कांहीं काम घेऊन जावें, एवढीच यांतली मागणी आहे.